डोकं बघणाऱ्या कलाकाकू

कलाकाकू आम्हा मुलींना नावानं कमी आणि डोक्यावरून जास्त ओळखायच्या. मी 'दोन भोवऱ्यांची' होते, माझी धाकटी बहीण 'कुरळी'. नळावर गोंधळ झाला की त्या ओरडायच्या, "ए दोन भोवऱ्यांची, तुझा हंडा बाजूला घे!" आणि मी निमूटपणे घ्यायचे. आमच्या चाळीत अशी मुलगी नव्हती जिचं डोकं कधी ना कधी काकूंच्या दोन गुडघ्यांमध्ये सापडलं नव्हतं.

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमची बैठी चाळ होती. पत्र्याचं छप्पर, आणि खोल्यांच्या मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे शेजारच्या घरात कुणाला शिंक आली की आपल्या घरातून 'पाणी पी' म्हणता यायचं. काकूंची खोली आम्हाला लागून होती. त्यांचे यजमान जाधवकाका एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात होते, दोन मुलगे शाळेत. मुलगी नव्हती. काकू घरी बसून जीन्सचे धागे कापायच्या. उल्हासनगरहून टेम्पो यायचा, पँटींचा ढीग दारात टाकून जायचा, आणि काकू छोट्या कात्रीनं शिवणीतून बाहेर लोंबणारा एकेक धागा कापत बसायच्या. दुपारी नळ गेला, धुणीभांडी झाली, ढीग संपला की त्यांच्या हातांना काहीतरी काम हवं असायचं. तेव्हा आमची डोकी उपयोगी पडायची.

उंबऱ्यावर त्या बसायच्या, खालच्या पायरीवर मुलगी. मांडीवर उशीचा जुना पांढरा अभ्रा पसरलेला. आधी लाकडी फणी, म्हणजे उवा अभ्र्यावर पडतील. त्या अंगठ्याच्या नखावर टचाटच मारायच्या. मग खरं काम, लिखांचं. कोमट तेलाचा हात फिरवून त्या केसांची बट बट वेगळी करायच्या, कानामागून सुरुवात आणि मानेवर शेवट, आणि दोन नखांत लीख धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत आणायच्या. "कोंडा फुंकला की उडतो," त्या म्हणायच्या. "लीख फुंकून जात नाही. जुन्या भाडेकरूसारखी असते, हाताला धरून बाहेर काढावी लागते."

एकटीचं डोकं त्या कधी करायच्या नाहीत. "घरातल्या सगळ्यांना घेऊन ये. उशी एकच आहे ना तुमची?" आणि आठवड्यानं परत यायला लावायच्या, कारण आज नजरेतून सुटलेली लीख तोवर फुटलेली असणार. कुणी आलं नाही तर नळावर सगळ्यांसमोर विचारायच्या. यामुळे चाळीतल्या आया त्यांच्यावर चिडून असायच्या. 'उवा' हा शब्द आमच्याकडे मोठ्यानं कुणी उच्चारत नसे. 'जरा हिचं डोकं बघता का' एवढंच म्हणायचं असतं. काकूंना ते आडून बोलणं जमायचं नाही.

काकूंचा हात जड होता. मान हलली की फणीचा टोला टाळूवर बसायचा. तोंडात मशेरी, त्यामुळे बोलणं अर्धं घशातच. पण त्यांच्यापुढे बसलं की मुली भडाभडा सगळं सांगायच्या. कुणाला परीक्षेत किती कमी मार्क पडले, कुणाच्या वडिलांनी रात्री ताट भिरकावलं. तोंड समोर नसतं म्हणून असेल. काकू 'हं' म्हणायच्या आणि पुढची बट धरायच्या. त्यांच्याकडून यातला एक शब्द कधी बाहेर गेला नाही. सगळ्या चाळीचं ऐकून घेणारी बाई, आणि नळावर भांडताना ते कधीच वापरलं नाही, हे फार पुढे माझ्या लक्षात आलं.

माझ्या आईचं आणि त्यांचं एकदा जोरात वाजलं होतं. शाळेतून बाईंनी निरोप पाठवला की मुलींची डोकी साफ करून पाठवा. आईला ते फार लागलं. काकूंकडे पाठवलं तर चाळीला कळणार, म्हणून रविवारी सकाळी तिनं स्वतःच माझ्या डोक्यावर रॉकेल चोळलं, वरून टॉवेल बांधला आणि मला मोरीपाशी बसवलं. मोरीच्या शेजारीच स्टोव्ह. तिनं आंघोळीच्या पाण्यासाठी काडी ओढायला आणि भिंतीवरून काकूंचा आवाज यायला एकच गाठ पडली. "वहिनी, काडी लावू नका! वहिनी!"

वास भिंतीवरून गेला होता. काकू आमच्या घरात कशा शिरल्या ते मला आठवत नाही. दंडाला धरून त्यांनी मला बाहेर नळावर ओढत नेलं आणि साबण लावून लावून माझं डोकं धुतलं. कानामागे फोड आले होते. आई दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या मुलीचं मी बघेन ना." काकू म्हणाल्या, "बघा की. पण अंगावर रॉकेल आणि शेजारी स्टोव्ह ठेवून नका बघू." बरेच दिवस दोघी बोलत नव्हत्या. मग आईनं एकदा वाटीभर शेंगांची चटणी माझ्या हाती पाठवली. काकूंनी चटणी काढून घेतली, वाटी धुतली, आणि तीत चार बोंबील घालून परत दिली. मिटलं.

त्यांची कीर्ती चाळीबाहेरही होती. जीन्सचे ढीग पाठवणाऱ्या सिंधी शेठाणी एकदा स्वतः रिक्षानं आल्या, सोबत त्यांची विशीतली मुलगी, उन्हातही डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटलेली. मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि केसांत ही भानगड. शेठाणींनी आत येऊन दार लावायला सांगितलं. "कला, किसी को बोलना मत हां. हमारे में ऐसा होता नहीं है. कहीं बाहर से आया होगा."

काकूंनी ओढणी सोडवली, एक बट वर उचलली आणि म्हणाल्या, "बाहेरसेही आता है भाभी. अंदर कौन बनाता है?" मुलगी फसकन हसली. दार लावलेलं राहिलं नाहीच, उजेड हवा होता. पण काकूंनी आम्हाला सगळ्यांना हाकलून लावलं आणि दोन दुपारींत मुलीला चकचकीत करून पाठवलं. शेठाणींनी पापडांचा डबा पाठवला. चाळीत सगळ्यांनी विचारलं, पापड कुठले? काकू म्हणाल्या, "उल्हासनगरचे." ते खोटंही नव्हतं.

पण कलाकाकू म्हटलं की मला आठवते ती सुरेखा.

नागनाथ सोलापूरकडचा, कारखान्यात हेल्पर, चाळीच्या शेवटच्या खोलीत राहायचा. त्याची बायको काविळीनं गेली. मागे एकुलती एक मुलगी, सुरेखा, माझ्याहून वर्षभरानं लहान. तिला सांभाळायला त्यानं गावाहून आपल्या आईला आणलं. आजी म्हातारी, डोळ्यांनी अधू, मुलाच्या कारखान्याच्या पाळ्यांनी गांगरलेली. सुरेखाच्या डोक्याला कुणाचा हात लागेना. खाजवून खाजवून जखमा झाल्या, जखमांना केस चिकटले, लिखा इतक्या की तांदळाच्या कण्या सांडल्यासारख्या दिसायच्या. दोन-तीन महिन्यांत मागच्या बाजूला केसांचा एक घट्ट, चपटा गठ्ठा झाला. कंगवा आत शिरेना.

आजीनं तो हातानं चाचपला आणि कपाळाला लावला. म्हणाली, जट आली. देवीनं पोरगी मागितली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. गठ्ठ्याला हळदकुंकू लागायला लागलं. मंगळवारी, शुक्रवारी दोन-चार बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. नागनाथ आईपुढे गप्प बसायचा. सुरेखाची शाळा सुटली, कारण जट असलेल्या मुलीला कुणी शिवायचं नाही, धक्का लावायचा नाही. कुठलीशी एक जोगतीण येऊन सांगून गेली की येत्या माघाच्या पुनवेला पोरीला देवीच्या डोंगरावर न्या आणि माळ घाला. माळ घातली की मुलगी देवीची. मग तिला शाळा नाही, लग्न नाही, आणि पुढे काय असतं ते आमच्या आया आमच्यासमोर बोलत नसत.

जाधवकाकांनी हे ऐकलं तेव्हा ते भडकले. "आपण हे सगळं सोडून किती वर्षं झाली, आणि आपल्याच चाळीत पोरगी देवीला सोडतात? मंडळाच्या पोरांना घेऊन येतो, सभा लावतो दारात."

काकू म्हणाल्या, "पोरं भाषण करून जातील. म्हातारी पोरीला घेऊन रातोरात गावाला जाईल. मग काय कराल?"

त्या स्वतः एकदा आजीकडे गेल्या होत्या. "आई, ही जट नाही. तेल-फणी मिळाली नाही म्हणून झालंय हे. मी सोडवते." आजीनं त्यांना दारातच थांबवलं. "तू बुद्धाची. तुला देवीचं काय कळणार?"

"नसेल कळत," काकू म्हणाल्या. "पण खाज कळते मला."

आजीनं दार लावून घेतलं.

दुसरी कुणी असती तर भांडली असती किंवा गप्प बसली असती. काकूंनी निराळंच केलं. आजी नळावर यायची तेव्हा तीही सारखी डोकं खाजवायची, लुगड्याच्या पदराआडून, काडीनं. काकू रोज तिचा हंडा भरून द्यायच्या आणि विचारायच्या, "आई, तुमचं डोकं बघू का?" आजी रोज नको म्हणायची. एक दिवस म्हणाली, "बघ बाई. रातीला डोळा लागंना."

आजीला उंबऱ्यावर बसवून काकू तिच्या डोक्याला भिडल्या. पांढऱ्या केसांत पांढरी लीख दिसत नाही, बोटालाच लागते. त्यामुळे काकू त्या वेळी समोर कुठंतरी रस्त्याकडे बघत असायच्या आणि बोटं आपली चालत असायची. दुसऱ्या दिवशी आजी नळावर आल्या आल्या म्हणाली, "लई दिसांनी झोपले." आणि मग रोजच येऊन बसू लागली. बसली की बोलू लागली, जशा आम्ही बोलायचो.

त्यात कळलं की सुरेखाच्या आईनंच, आजारी पडण्याआधी, पोरीच्या केसांतली एक छोटी गाठ कात्रीनं कापली होती. त्याच पावसाळ्यात ती गेली. आजीच्या डोक्यात तेव्हापासून ते पक्कं बसलं होतं. आजी रडत म्हणाली, "सून गेली. आता माझा नागू जायचा. मला पोरीला का डोंगरावर सोडायची हौस हाय का गं?"

काकूंचे हात थांबले. मी तिथेच पायरीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसले होते, म्हणून मला ते पाहायला मिळालं. त्या म्हणाल्या, "आई, मी कात्री लावणार नाही. शब्द देते. नुसती बोटं आणि तेल. देवीची जट असेल तर माझ्यानं सुटणारच नाही. सुटली तर गुंता होता असं म्हणायचं. बघायचं का?"

आजीनं मान डोलावली.

मग रोज दुपारी सुरेखा काकूंपुढे बसू लागली. रात्रभर तेल मुरवायचं, सकाळी कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं जखमा धुवायच्या, आणि दुपारी विणकामाची आकड्याची सुई घेऊन टोकाकडून एकेक केस मोकळा करायचा. मोकळा झाला की त्याच्यावरच्या लिखा ओढून काढायच्या. तेवढं झालं की पुढचा केस. जीन्सचे ढीग दारात साचू लागले. टेम्पोवाला कुरकुर करायचा. काकू म्हणायच्या, "ठेव तिथं. पँटी काय खाजवत नाहीत." सुरेखाला दुखायचं, ती ओठ दाबून बसायची. तिला मात्र फणीचा टोला कधी बसला नाही.

अर्धा गठ्ठा सुटला आणि नागनाथ तापानं पडला.

ताप उतरेना. त्याला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. आजीनं सुरेखाला हाताला धरून घरात ओढलं आणि काकूंकडे बघून म्हणाली, "बघितलंस? हात लावलास आणि माझा लेक पडला." आणि आतून कडी घातली. चाळीतल्या बायकाही कुजबुजायला लागल्या. माझी आईसुद्धा त्यांना म्हणाली, "कलाताई, आता नका बाई त्या वाटेला जाऊ." सुरेखा खिडकीत दिसायची, एका बाजूला मोकळे केस आणि दुसऱ्या बाजूला तो गठ्ठा.

काकू खचल्या होत्या. त्या दिवसांत त्यांनी कुणाचंच डोकं घेतलं नाही. पण रोज सकाळी नागनाथसाठी पातळ भात करून त्या डबा घेऊन दवाखान्यात जात होत्या, आणि येताना आजीच्या दाराशी थांबून दाराला सांगत होत्या, "आज ताप कमी होता, आई. आज थोडा जेवला."

एक दिवस परत आल्या त्या दाराशी जरा जास्त वेळ थांबल्या. "आई, ऐका. डॉक्टर म्हणतात टायफॉइड आहे, पाण्यातून झालाय. वॉर्डात आपल्याच पाड्याची सात-आठ माणसं आहेत. कोपऱ्यावरचा सायकलवाला आहे, शिंद्यांचा मुलगा आहे. त्यांच्या घरातल्या पोरींच्या जटा सोडवल्या का मी?"

कडी काही निघाली नाही. पण त्या दिवशी आजीनं खिडकीतून विचारलं, "शिंद्याचा पोरगा? तो बी?"

"तो बी."

नागनाथ घरी आला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता, पण चालत आला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, शेवटच्या खोलीचं दार उघडलं आणि सुरेखा एकटी बाहेर आली. तेलाची वाटी तिनं स्वतःच आणली होती. आम्ही सगळ्या दारादारांत उभ्या होतो. ती सरळ येऊन काकूंच्या पायरीवर बसली आणि त्यांच्याकडे पाठ केली. मागून आजी आली. आता भांडण होणार असं आम्हाला वाटलं. आजी आली आणि सुरेखाच्या शेजारी बसली. काकूंनी पदर खोचला आणि सुई हातात घेतली.

थंडी संपत आली तेव्हा सगळं सुटलं होतं. फक्त मानेपाशी सुपारीएवढी एक गाठ राहिली. तिथे जखम झाली होती, केस खपलीत रुतले होते, आणि सुई लावली की रक्त यायचं. काकूंनी दोन दिवस प्रयत्न केला. मग त्या उठल्या, आत जाऊन धागे कापायची छोटी कात्री घेऊन आल्या आणि ती आजीच्या पुढ्यात ठेवली.

"मी शब्द दिलाय, मी लावणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवा. नको वाटलं तर राहू दे, मी जखमेला औषध लावत राहीन. मी चहा टाकते."

आणि त्या खरंच आत गेल्या. स्टोव्हचा आवाज येऊ लागला. आजी कात्रीकडे बघत बसली होती. सुरेखानं मान खाली घातली होती, हलत नव्हती. शेवटी आजीनं कात्री उचलली, डोळ्यांजवळ नेली, नातीच्या मानेवर बोटांनी ती गाठ शोधली आणि कापली. कात्री छोटी, गाठ जाड, चार-पाचदा चालवावी लागली. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा आजी ती गाठ मुठीत घट्ट धरून बसली होती.

आजी म्हणाली, "पाण्यात सोडते."

"सोडा," काकू म्हणाल्या. "नवं खणाचं कापड देते, त्यात बांधून सोडा." त्या हसल्या नाहीत, आणि जाधवकाका दारात काही बोलायला तोंड उघडत होते त्यांनाही त्यांनी नुसत्या नजरेनं गप्प केलं.

पुनव आली आणि गेली. जूनमध्ये सुरेखा परत शाळेत बसू लागली, एक इयत्ता मागे. आजी पुढे चार-पाच वर्षं जगली. नागनाथलाही काही झालं नाही.

पुढे चाळ हळूहळू रिकामी झाली. आम्ही डोंबिवलीला गेलो. काकूंच्या थोरल्या मुलाला नोकरी लागली आणि त्यानं बदलापुरात पूर्वेला छोटा फ्लॅट घेतला. माझी आणि त्यांची गाठ पडली ती सुरेखाच्या लग्नात, बदलापूरच्याच एका हॉलवर. काकू बारीक झाल्या होत्या, चष्मा लागला होता. मशेरी सुटली, असं त्यांनीच आधी सांगितलं. पंगतीत आम्ही शेजारी बसलो. त्यांच्या पलीकडे नवऱ्याकडची कुणी आत्या होती, बोलकी. स्टेजकडे बघत ती म्हणाली, "मुलीचे केस काय सुंदर आहेत हो! पार कमरेपर्यंत. आणि स्वतःचे, गंगावन नाही. घराण्यातच असतील."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"हो," त्या आत्याला म्हणाल्या. "आजीचे असेच होते."

"तुम्ही मुलीच्या कोण?"

"शेजारी. चाळीत होतो आम्ही."

आत्याचं समाधान झालं. काकूंनी वाढप्याला हाक मारून आणखी वरणभात घेतला आणि ताटातलं सगळं संपवलं. मुलगा स्कूटर घेऊन खाली थांबला होता, म्हणून आहेराच्या रांगेतही त्या उभ्या राहिल्या नाहीत. माझ्याकडे पाकीट देऊन निघाल्या. मी त्यांच्यासोबत दारापर्यंत गेले. तेवढ्यात स्टेजवरून सुरेखानं त्यांना पाहिलं. मुंडावळ्यांसकटच ती खुर्चीतून अर्धी उठली, फोटोग्राफर ओरडला, करवली तिचा शालू सावरायला धावली.

काकूंनी दारातूनच तिला हातानं खूण केली, बस, बस खाली. सुरेखा बसली. काकू चपला शोधायला वळल्या. चष्म्यातूनही त्यांना त्या ढिगात आपल्या सापडत नव्हत्या. मी वाकून शोधून दिल्या, त्यांनी पाय सरकवले, आणि कठड्याला धरून जिना उतरून गेल्या.